त्यांचा तंबू, आमचे पाल

सहा डिसेंबरला लाखो माणसे दादरला येतात. शिवाजी पार्कच्या मंडपात जागा मिळाली तर मंडपात, नाही मिळाली तर उघड्या मातीवर चादर अंथरून झोपतात. उशाला गठुडे, गठुड्यात भाकरी आणि चटणी. पाण्याच्या टँकरपुढे रांग लागते. फिरत्या संडासापुढे त्याहून मोठी रांग लागते. आणि दरवर्षी न चुकता कोणीतरी सुशिक्षित गृहस्थ तक्रार करतो की, ही माणसे आमचा परिसर घाण करून जातात.

याच डिसेंबरात अशाच सुशिक्षित घरांतली मुले पाठीवर बोजे बांधून शनिवारी दुपारी घराबाहेर पडतात. कर्जत, भंडारदरा, माळशेज, इगतपुरी. रात्री तीही उघड्या मातीवर झोपतात, डबा खातात, सकाळी झुडपाआड जातात. त्यांची तक्रार कोणी करीत नाही. त्याला कॅम्पिंग म्हणतात, आणि वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवणीत त्याचे फोटो छापून येतात.

कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, पनवेल या उपनगरांतून गाडीने दोन-तीन तासांत सह्याद्रीच्या पोटात जाता येते, म्हणून हा छंद गेल्या काही वर्षांत फोफावला. त्याचे दोन प्रकार आहेत. पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या रांगा लावून, जेवण, गाणी आणि शेकोटीसह जो विकला जातो, तो एक धंदा आहे. त्याबद्दल आज लिहायचे नाही. दुसरा प्रकार रानमुक्कामाचा. गाडी गावात ठेवायची, दोन तास चालायचे, आणि जिथे वीज नाही, नळ नाही, संडास नाही अशा जागी रात्र काढायची. आता आपल्या वस्त्यांतली शिकलेली, नोकरीला लागलेली मुलेही तिकडे वळू लागली आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यापाशी हा विषय काढला तेव्हा ते मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, आपला बाप जन्मभर उघड्यावर निजला. गावाबाहेर ठेवले होते म्हणून निजला. आता तू हजाराची चटई विकत घेऊन निजणार?" त्यांचे हसणे मनाला लागले. पण त्यांचे म्हणणे निम्मेच खरे आहे, असे विचार केल्यावर वाटते.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली १९०१ सालची आठवण आंबेडकरी वाचकाला सांगायला नको, तरी या संदर्भात ती पुन्हा वाचावी. नऊ-दहा वर्षांचा भीम भावाभाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायची या अटीवर एक जण तयार झाला. रात्र झाली. जवळ जेवणाच्या डब्या भरलेल्या होत्या, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावरच्या माणसाने पाणी नाकारले. पोरे तशीच उपाशी, रानात सोडलेल्या बैलगाडीत झोपली. उघड्यावरची ही रात्र त्यांनी हौसेने काढली नव्हती. रानमुक्कामाच्या पुस्तकात पहिला नियम पाण्याचा असतो. आपल्या माणसांना तो नियम निसर्गाने शिकवला नाही, जातीने शिकवला.

आता तंबूचा विचार करू. कापड, काठ्या, दोऱ्या आणि खुंट्या. डवरी गोसावी, वैदू, पारधी, मसणजोगी, नंदीवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच घेऊन फिरतात. त्याला आपल्याकडे पाल म्हणतात. तंबू लागला की गावकरी चहा विकायला येतात. पाल लागले की गावचा पोलीस पाटील नावे लिहून घ्यायला येतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशय गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे फिरून पोट भरणारी होती, मुले पळवणारी टोळी असल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती, आणि तेवढे पुरे झाले. अनोळखी गावाच्या शिवारात रात्री मुक्काम करणारा प्रत्येक हौशी पर्यटकही तिथे परकाच असतो. त्याच्यावर असा संशय का येत नाही? त्याच्या बुटावरून, बोलण्यावरून आणि गाडीवरून त्याची जात आणि वर्ग ओळखला जातो, म्हणून येत नाही.

जंगलाच्या कायद्याचेही तेच. १९२७ साल आपल्याला चवदार तळ्यामुळे पाठ आहे. त्याच वर्षी भारतीय वन कायदा झाला. राखीव जंगलात शिरणे, जाळ करणे, गुरे चारणे, लाकूड नेणे हे सारे त्याच्या कलम २६ खाली गुन्हा ठरते, आणि तो कायदा दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. या जाचाविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात नाग्या कातकरी शहीद झाला. आज चिरनेर नवी मुंबईच्या उंबरठ्यावर आहे. कातकरी मात्र वीटभट्टीवर उचल घेऊन राबतो आहे. सरळ प्रश्न आहे. कातकरी बाईच्या डोक्यावरची मोळी वनरक्षकाला लांबून दिसते, मग शनिवारी रात्री त्याच जंगलात पेटलेल्या वीस शेकोट्या त्याला का दिसत नाहीत?

२००६ च्या वनाधिकार कायद्याने हा अन्याय झाल्याचे सरकारने स्वतः कबूल केले. पण त्या कायद्यातली एक मेख आपल्या वाचकांनी समजून घेतली पाहिजे. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवला की पुरते. जंगलावर जगणारा दलित किंवा भटका मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' या खान्यात जातो आणि त्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याला गावात घर बांधू दिले नाही, ज्याच्या नावे सातबारा नव्हता, ज्याला कोणी लिहायला शिकवले नाही, त्याने ७५ वर्षांचा कागद कोठून आणायचा? फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरवड्यात तो स्थगितही केला. टांगती तलवार मात्र लाखो कुटुंबांनी पाहिली. दोन रात्रींच्या पाहुण्याला ७५ वर्षांचा पुरावा कोणी विचारत नाही.

एवढे सगळे असताना आपण रानात का जावे? ज्येष्ठ कार्यकर्त्याशी माझा मतभेद इथे आहे. आपल्या बापाला उघड्यावर निजवले, तो अन्याय होता, कारण त्याला निवड नव्हती. लेकाने निवड करून डोंगरावर जाणे हा त्या अन्यायाचा अपमान नाही. बाबासाहेबांनाही फिरण्याची आवड होती. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेनंतर ते सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्ध लेणी पाहायला गेले, रायगडावर गेले. १९३४ साली तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेली ही मंडळी किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुऊन पुढे निघाली, तोच तलाव बाटवल्याचा आरडाओरडा करीत लोक धावून आले. शेवटी हत्यारी शिपाई बरोबर घेऊन, पाण्याला कुठेही हात न लावण्याच्या अटीवर किल्ला पाहावा लागला. किल्ला, तळे आणि डोंगर पाहण्याचा हक्कही आपल्याला लढून मिळवावा लागला आहे. लढून मिळालेला हक्क वापरायचा नाही, तर मग कशाला लढायचे?

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभव वेगळा नाही. वॉशिंग्टन शहरापासून मोटारीने सहज जाता येईल असे शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे १९३९ साली लुईस माउंटन नावाची तंबूंची जागा उघडली, ती फक्त काळ्यांसाठी. गोऱ्यांच्या जागा वेगळ्या. १९५० पर्यंत हा भेद मोडला गेला. जंगल निसर्गाचे असते आणि तिथे सारे समान असतात, अशी भाबडी कविता करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कुंपण माणसे घालतात, आणि तंबूच्या मैदानातही घालतात.

रानमुक्कामाची एक गोष्ट मला चळवळीच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. ती थोडी घाणेरडी आहे, पण लिहितो. तिथे तुमच्या मागून साफ करणारा कोणी नसतो. पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावले दूर जायचे, वीतभर खोल खड्डा खणायचा, काम झाले की मातीने बुजवायचा, आणि तो ज्याचा त्याने. प्लास्टिक, डबे, उष्टे, सारे पिशवीत भरून परत घरी. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी गटारात गुदमरून मरणारी माणसे अजून आपलीच आहेत. ज्या देशात विशिष्ट जातीने इतरांची घाण उचलायची असा धर्म होता, त्या देशातल्या सवर्ण मुलाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या घाणीसाठी स्वतः खड्डा खणावा. त्याच्या अभ्यासक्रमात हा धडा कुठेच नसतो. भाड्याच्या तंबूत मात्र तो धडाही चुकतो. तिथे सकाळी झाडू घेऊन पाड्यावरची बाई येते.

आता लेण्यांविषयी. कर्जतहून कोंदिवडे गावात जावे आणि तिथून चालत वर चढावे, की राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य आणि विहार. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असे ब्राह्मी अक्षरांत तिथे कोरले आहे. खुद्द बोरिवलीत कान्हेरी आहे. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दानकर्त्यांचा उल्लेख आहे. म्हणजे उपनगरातून डोंगरात जाण्याचा हा रस्ता दोन हजार वर्षे वापरातला आहे. भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी मुक्काम करीत, आणि त्यांच्यासाठी खडकात पाण्याच्या पोढी खोदून ठेवलेल्या होत्या. त्या विहारांत रात्री शेकोट्या पेटवणारे, बाटल्या फोडणारे, कोळशाने बदामात नावे लिहिणारे लोक आपल्या पूर्वजांच्या घरात घुसलेले आहेत. पण खरे लिहायचे तर निळ्या रंगाने भिंतीवर 'जयभीम' लिहिणारे आपले तरुणही मी तिथे पाहिले आहेत. बुद्धाच्या भिंतीवर रंग फासून बाबासाहेबांचा सन्मान होत नाही. लेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे रात्री राहू नये. खालच्या पठारावर गावकऱ्यांना विचारून राहावे. शिवाय धुराने आग्या मोहोळ उठते, आणि ते जात विचारून चावत नाही.

समता सैनिक दलाच्या शाखांनी आणि उपनगरांतल्या बुद्धविहारांनी येत्या हिवाळ्यात असा एक तरी मुक्काम काढावा. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ चांगला. पुढे झरे आटतात आणि वणवे लागतात. माणशी चार लिटर पाणी न्यावे, टॉर्च न्यावा, स्वयंपाकाला छोटा गॅस न्यावा, लाकूड तोडू नये. मुलींना न्यावे, त्यांच्या आयांनाही न्यावे. आदल्या दिवशी पाड्यावर जाऊन परवानगी मागावी, वाट दाखवणाऱ्या कातकरी किंवा ठाकर माणसाला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी, घासाघीस करू नये. संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून त्याच्या वनहक्काच्या दाव्याचे काय झाले ते विचारावे. तो तालुक्याला अडकला असेल तर कागद बघावा. आपल्यात वकील आहेत, कारकून आहेत, अर्ज लिहिणारे आहेत. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आले. ज्यांच्या डोंगरावर हे पर्यटन चालते त्या पाड्यांच्या ग्रामसभेची संमती आणि उत्पन्नातला वाटा त्यात सक्तीचा करा, ही मागणी कर्जत, मुरबाड आणि अकोले तालुक्यांतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी लेखी लावून धरावी.