अंगणाएवढा नाद

भाद्रपदात घरोघरी गणरायाचे आगमन होते, तेव्हा आरास केवळ मखरापुरती राहत नाही. ओसरीवर, अंगणातील मांडवावर, फाटकाच्या कमानीवर दिव्यांच्या माळा चढतात आणि दिव्यांच्या मागोमाग ध्वनिवर्धकही येतो. यात गैर काही नाही. दीप आणि नाद ही आपल्या पूजाविधीची जुनीच अंगे होत. निरांजन ओवाळताना घंटा वाजतेच. प्रश्न एवढाच की, माळा निवडताना गृहस्थ जितका विचार करतो, तितका तो कर्णा निवडताना करतो काय? माळांची लांबी तो दोरीने मोजून आणतो. आवाज मात्र ‘मिळेल तितका मोठा’ आणतो. माझे मत असे की, ध्वनीचीही लांबी मोजता येते आणि घरच्या आराशीत ती दिव्यांच्या लांबीहून अधिक असता कामा नये.

हे मत नवे नाही. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात भरतमुनींनी मध्यम प्रेक्षागृहाचे माप ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे सांगितले. दीड फुटाचा हात धरला तर ते ९६ फूट बाय ४८ फूट होते. याहून मोठे गृह बांधू नये, कारण तेथे उच्चारलेला शब्द विस्वर होतो आणि नटाच्या मुखावरील भाव प्रेक्षकास दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. डोळा आणि कान या दोहोंसाठी मुनींनी एकच भिंत घातली, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

शब्द कानापर्यंत कसा पोहोचतो, याविषयी नैयायिकांनी दोन दृष्टांत दिले आहेत. एक पाण्यावरील तरंगांचा. दुसरा कदंबाच्या कळीचा, जी एकाच वेळी सर्व दिशांनी फुलते. सर्व दिशांनी फुलणारी वस्तू दूर जाता जाता विरळ होणारच. आजचे शास्त्र तेच अंकांत सांगते : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. उलटपक्षी, यंत्राचे वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. म्हणजे १०० वॉटऐवजी २०० वॉटचे यंत्र आणणाऱ्यास पैशाच्या मानाने फारच थोडे पदरी पडते. पेटी श्रोत्याच्या निम्मी जवळ आणणाऱ्यास एक पैही न खर्चता त्याच्या दुप्पट डेसिबल मिळतात.

आता थोडा हिशेब करू. सामान्य स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आठ मीटरवर तो ७२ उरतो. केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ व रात्रीची ४५ डेसिबल आहे आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये. म्हणजे दिवसा ६०. आठ मीटरच्या अंगणात एकच वॉट ही मर्यादा ओलांडतो, तर पाचशे वॉट कोणासाठी? ॲल्युमिनियमच्या कर्ण्याची गोष्ट तर सोडाच. तो एका वॉटवर शंभरीच्याही वर जातो आणि सारा आवाज एका दिशेला, बहुधा समोरच्या घराच्या खिडकीवर, फेकतो. कर्णा मैदानासाठी आणि जत्रेसाठी ठीक. घराच्या अंगणात त्याचे काम नाही.

त्याऐवजी दोन लहान पेट्या घ्याव्यात आणि मांडवाच्या दोन बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यांहून थोड्या उंचीवर, किंचित खाली झुकवून, घराकडे तोंड करून लावाव्यात. दोन मीटरवरील श्रोत्यास ६५ डेसिबल मिळाले तर आठ मीटरवर एका पेटीचे ५३ व दोन्ही मिळून ५६ उरतात. श्रोत्याचे समाधान होते आणि शेजाऱ्याची झोपही राहते. माईक पेट्यांच्या मागे असावा. पुढे आला की तो शिट्टी मारतो.

दुकानात पेटीची परीक्षा ढोलाच्या गाण्यावर करतात, तीही चुकीची. शब्दाचा जोर स्वरांत असतो, पण अर्थ व्यंजनांत. दणदणाट वाढला की स्वर उरतात, व्यंजने बुडतात आणि ‘कथा’ व ‘गदा’ यांत फरक राहत नाही. म्हणून पेटी घरी आणून अंगणात ठेवावी, कोणास तरी साध्या आवाजात चार वाक्ये वाचावयास सांगावे आणि स्वतः कडेला उभे राहावे. शब्द न् शब्द कळला तरच ती घ्यावी. देवळाच्या सभामंडपात विजेवाचून उत्तररंग रंगवणारे कीर्तनकार मी पाहिले आहेत. त्यांचे बळ शब्दाच्या स्पष्टपणात होते.

हा उत्सव पावसाळ्यात येतो, हेही विसरू नये. पेटीवर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला धुळीपासूनचे रक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. दुसरा ४ असेल तर ती शिंतोडे सोसते, ५ असेल तर पाण्याची धारही. ॲम्प्लिफायर मात्र ओसरीच्या आतच ठेवावा. दिव्यांची व ध्वनीची जोडणी वायरमनकडून करून घ्यावी, अर्थिंग तपासावे आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. ओल्या अंगणात पोरेबाळे अनवाणी वावरतात. मंद-तेज होणाऱ्या दिव्यांची तार माईकच्या तारेला समांतर गेली तर पेटीत घरघर उमटते. दोहोंत हातभर अंतर राखावे आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे.

कोणी म्हणेल, वर्षातून एकदाच तर सण येतो! खरे आहे. परंतु शेजारच्या घरी तान्हे मूल किंवा रुग्ण असला, तर त्याला सणाची रात्र वेगळी नसते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक मोकळ्या जागी लावण्यास मनाई आहे. वर्षातील अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. ते दिवस पाहून घ्यावेत आणि ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगीही आधीच काढावी. तथापि सवलत वेळेची असते, आवाजाची नव्हे.

दिव्यांची माळ शेजाऱ्याच्या भिंतीवर चढवताना आपण त्याला विचारतो. आवाज न विचारताच त्याच्या घरात शिरतो, म्हणून तर त्याची निवड अधिक विवेकाने करावयाची. यंदा खरेदीस निघण्यापूर्वी गृहस्थांनी आपले अंगण पावलांनी एकदा मोजावे आणि दुकानदारास वॉट न विचारता ते माप सांगावे. मंगलमूर्ती सर्वांस ही सुबुद्धी देवो.