शिवारातली धावपट्टी



आभाळात घरघर ऐकू आली की पोरं अजून अंगणात पळत येतात, आजी कपाळावर आडवा हात धरून वर बघते, आणि "गेलं बघा मुंबईला" असं कुणीतरी ठोकून देतं. विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी वस्तू, आपला संबंध बघण्यापुरता, असं आपण धरून चाललोय. पण सातारा-सांगलीचा विमानाशी संबंध जुना आहे, आणि तो आभाळापेक्षा जमिनीचा जास्त आहे.

आधी आभाळाचं सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेतल्या आणि अहमदाबादवरून मुंबईच्या जुहूला विमान उतरवलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या वैमानिकाने ते टपाल बेल्लारीवरून मद्रासला नेलं. आता पोराच्या शाळेचा नकाशा काढा आणि जुहू ते बेल्लारी पट्टी ठेवून बघा. रेघ वाई, कोरेगाव, खटाव, खानापूर, कवठेमहांकाळ या बाजूने उतरते! विमान एका इंजिनाचं, अंगावर कापड चढवलेलं. बिनतारी यंत्र नाही. नदी, डोंगर आणि रेल्वेचे रूळ बघत वाट काढायची. खाली माणदेशाच्या रानात शाळूच्या पेरणीचे दिवस होते.

पुढे १९३९ साली शेजारच्या कोल्हापुरात राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ झाला. त्यालाच आता महाराजांचं नाव आहे. माळ होता म्हणून बरं झालं. बागायतीत हेच काम किती अवघड, ते कराडकरांना विचारा.

कराडची धावपट्टी १९५५ सालची. सार्वजनिक बांधकाम खात्याने ती बांधली ती कोयना प्रकल्पासाठी. कोयनानगर कराडपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर आत, डोंगरात. एवढं मोठं धरण आणि डोंगराच्या पोटातलं वीजघर उभं करायचं, तर मुंबईची साहेबमंडळी लवकर यायला हवीत, म्हणून शहराच्या पश्चिमेला ही पट्टी झाली. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली ती गोष्ट आपण सांगतो, ऐकतो. त्याच धरणासाठी खाली कराडलाही जमीन गेली, ती मात्र कुणी फारशी सांगत नाही.

ही पट्टी पूर्व-पश्चिम आहे. का, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. उपणायला उभं राहताना आपण मूठभर भुस्सा सोडून वारा बघतो ना? वैमानिकही तेच बघतो. विमान उतरतं आणि उडतं ते वाऱ्याला तोंड देऊन, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. विमानतळावर खांबाला जी कापडी नळी फडफडते ती त्याच कामाची.

पट्टीची लांबी १२८० मीटर, म्हणजे सव्वा किलोमीटर. लहान विमानाला ती पुरते. मोठ्या प्रवासी विमानाला दोन-अडीच हजार मीटर लागतात. खरी मेख इथंच आहे. पट्टी वाढवायची म्हटलं की ती वारुंजी, मुंढे, केसे या बाजूच्या बागायतीत शिरते. उसाचं रान, पाइपलाइन, विहिरी, घरं. २०१२ च्या सुमारास विस्ताराचा विषय जोरात आला, तेव्हा या गावांनी कडाडून विरोध केला. काहींनी त्यांना विकासाचे वैरी ठरवलं. मला ते पटलं नाही. ज्याचं एकरभर रान आहे आणि त्यावरच दोन भावांची चूल आहे, त्याने विमानाच्या आवाजात काय ऐकावं?

सांगलीचं दुखणं उलटं. सांगली-तासगाव रस्त्यावर कवलापूरला विमानतळाची सुमारे १६० एकर जागा आहे, आणि विमान नाही. जागा औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे. २०२२ साली ती खासगी उद्योगाला देण्याची बातमी फुटली, तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका मांडवात बसले. द्राक्षं, बेदाणा, हळद लवकर बाहेर जावी म्हणून विमानतळ हवा, असं बरेच जण म्हणतात. द्राक्षांपुरतं ठीक. हळदीला आणि बेदाण्याला विमानाची घाई कशाला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

जाता जाता एक चांगली गोष्ट. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली, देशातली पहिली. तिथे शिकलेले प्रदीप वसंत नाईक २००९ ते २०११ हवाई दलाचे प्रमुख होते.

आता तुमच्याकडे एक काम आहे. विमानतळ कधी बांधला ते सरकारी कागदात मिळतं. त्याखाली काय होतं, ते कागद सांगत नाही. कुणाची विहीर बुजली, कुठला आंबा तोडला, पहिलं विमान उतरलं तेव्हा बैल कसे बुजले, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. नातवंडांनो, मोबाइल हातात आहेच. आजोबांना, आजीला ओसरीवर बसवा आणि बोलतं करा.

आणि ज्यांच्या घराण्याची जमीन अशा पट्टीत गेली असेल, त्यांनी तलाठ्याकडे जावं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). जुना फेरफार बघा. भूसंपादनाचा निवाडा आणि कमी-जास्त पत्रक, ज्याला आपण कजाप म्हणतो, त्यांच्या नकला मागा. जमीन कुठल्या कामासाठी घेतली, किती घेतली, मोबदला कुणाच्या नावाने निघाला, हे त्यात असतं. कधीकधी चुलत्याच्या नावावर निघालेला मोबदला आणि आपल्या घरात आलेला पैसा यांचा मेळ बसत नाही, तेव्हा जरा जपून बोला! नक्कल मिळाली की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, देव्हाऱ्यामागे नको. तिथे वाळवी आधी पोचते.