हरलो, बरं झालं!

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटात झालं. मराठीचा रोज एकच तास असायचा आणि त्यातही आमचं अर्धं लक्ष डब्याकडे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर वाचकांनी आणि मराठी विभागाच्या संपादकांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र मराठीतच लिहिण्यासारखा आहे, कारण विषय आहे कबड्डी!

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आपल्या लेडीज होस्टेलमध्ये कोण विसरेल? नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला, आणि रेक्टर मॅडमसुद्धा कॉरिडॉरमध्ये येऊन नाचल्या (मॅडम, सॉरी!). मेसच्या ताटल्या वाजवून वाजवून वाकड्या झाल्या. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, आपल्याच देशाच्या मुलींनी आणखी एक वर्ल्ड कप जिंकला. ढाक्याला, कबड्डीचा. फायनलमध्ये चायनीज तैपेईला ३५-२८ ने हरवून. त्या रात्री होस्टेलमध्ये किती जणी ओरडल्या? एक. माझी रूममेट.

दुसऱ्या दिवशी व्हायवा होती. मी जर्नलमध्ये डोकं खुपसून बसले होते आणि ही बया मोबाइल घेऊन पलंगावर मांडी घालून बसलेली. ती ओरडली तशी मी वैतागून म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? कबड्डीत आपणच जिंकतो ना नेहमी!"

ती शांतपणे म्हणाली, "नेहमी? जकार्ता विसरलीस वाटतं."

खरं सांगायचं तर मी विसरले नव्हते. मला माहीतच नव्हतं!

माझी रूममेट मोखाडा तालुक्यातली. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकली. मी जव्हारची, म्हणजे एसटीने तिच्यापासून तासाभराच्या अंतरावर. पण मी लहानपणीच नाशिकला बोर्डिंगला गेले आणि तिथे आम्ही बास्केटबॉल आणि थ्रोबॉल खेळलो. सुट्टीत घरी आले की शेजारची मुलं संध्याकाळी मैदानात "कबड्डी कबड्डी" करत धुळीने माखायची आणि मी गॅलरीतून बघायचे. "गावठी खेळ" हा शब्द मी तेव्हा वापरलेला आहे. आज तो लिहितानाही लाज वाटते, पण लिहिते.

तर जकार्ता. त्या रात्री व्हायवा बाजूला राहिली आणि मी तिच्याकडून कबड्डीचा सगळा इतिहास ऐकला. नंतर परीक्षा संपल्यावर स्वतः वाचला. थोडक्यात सांगते.

कबड्डी, म्हणजे आपल्याकडची जुनी हुतूतू. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ती फक्त प्रात्यक्षिक म्हणून होती. पदकांच्या यादीत आली ती १९९० ला बीजिंगमध्ये. तिथपासून २०१४ पर्यंत सात एशियाड झाली आणि सातही सुवर्णपदकं भारताच्या पुरुषांनी जिंकली. वर्ल्ड कपचंही तेच. २००४ ला मुंबईत, २००७ ला आपल्या पनवेलला आणि २०१६ ला अहमदाबादला. तिन्ही वेळा फायनलला समोर इराण, तिन्ही वेळा कप आपल्याकडे. मुलींची कबड्डी एशियाडमध्ये आली २०१० ला. तेव्हा थायलंडला हरवून सुवर्ण, २०१४ ला इराणला हरवून सुवर्ण. मधे २०१२ ला पाटण्याला मुलींचा पहिला वर्ल्ड कप झाला, तोही आपलाच. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. ही तीन नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? हात वर करा. (मीही केला नसता.)

आणि मग आलं २०१८, जकार्ता. पुरुषांचा संघ आधी साखळीत दक्षिण कोरियाकडून २३-२४ असा एका गुणाने हरला. एशियाडमधली पुरुषांची ही पहिली हार! मग सेमीफायनलला इराणने २७-१८ ने बाहेर काढलं. आणि दुसऱ्याच दिवशी मुलींची फायनल. पुन्हा इराण. डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून खेळणाऱ्या त्या मुलींनी आपल्याला २७-२४ ने हरवलं. २८ वर्षांत पहिल्यांदा भारत एशियाडमधून कबड्डीचं एकही सुवर्ण न घेता परत आला.

पण यातली खरी गंमत पुढेच आहे. इराणच्या त्या मुलींची कोच कोण होती? शैलजा जैन. आपल्या महाराष्ट्रातल्या! नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या बाई. मी ज्या शहरात बास्केटबॉल खेळत मोठी झाले, त्याच शहरातल्या. इराणने बोलावलं म्हणून त्या तिथे गेल्या, त्या मुलींना शिकवलं आणि दीड-दोन वर्षांत सुवर्णपदक मिळवून दिलं. ते पदक भारताच्याच विरुद्ध होतं. आमच्या कॉरिडॉरमध्ये हे सांगितलं तेव्हा एक मैत्रीण पटकन म्हणाली, "म्हणजे गद्दारीच की!"

मला हे अजिबात पटत नाही. आमच्या मेकॅनिकलचे सीनियर जर्मनीला गेले की आपण कॉलेजच्या ब्रोशरमध्ये त्यांचे फोटो छापतो. मग कोच परदेशी गेल्या तर गद्दारी कशी? प्रश्न उलटा विचारायला हवा. एवढी जाणकार बाई घरात असताना तिचा उपयोग करून घ्यायला आपल्याला इराणची वाट का बघावी लागली?

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की जकार्ताला हरलो ते बरं झालं. रागावू नका, कारणं सांगते.

एक. जो खेळ आपण एकटेच जिंकतो, तो जगाचा खेळ होत नाही. वर्गात एकच मुलगी परीक्षेला बसली आणि पहिली आली, तर तिच्या आईशिवाय पेढे कोण वाटेल? इराण, कोरिया, तैपेई तयार झाले तेव्हाच आपल्या विजयाला किंमत आली. पुढच्या एशियाडचंच बघा. २०२३ ला हांग्झूमध्ये आपल्या मुलींची साखळीत चायनीज तैपेईशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. फायनल पुन्हा त्यांच्याशीच, आणि जिंकलो फक्त एका गुणाने, २६-२५. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक होतं. पुरुषांची इराणविरुद्धची फायनल तर एका चढाईच्या गुणांवरून वाद होऊन बराच वेळ थांबली होती. शेवटी ३३-२९. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्या संघात होता. असं सुवर्ण मिळालं की गळ्यात पदक घालताना हात थरथरतो. नेहमीच्या सुवर्णाला तो मान नाही.

दोन. हरलो की आपण स्वतःकडे बघतो. जिंकत असताना कुणी विचारत नाही की फेडरेशन कोण चालवतं, निवड कशी होते, कोच कुठे आहेत. ज्या महिन्यात आपण जकार्ताला हरलो, त्याच ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कबड्डी फेडरेशनचा कारभार प्रशासकाकडे दिला होता. घरात काहीतरी बिनसलेलं होतंच.

तीन. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी तुम्हाला मोखाड्याला यावं लागेल.

डिसेंबरची परीक्षा संपल्यावर रूममेट मला तिच्या जुन्या आश्रमशाळेत घेऊन गेली. आमच्या भागात दिवाळी झाली, नागली-वरई घरात आली, की निम्मी गावं रिकामी होतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. आश्रमशाळेतल्या मुली मागे राहतात, कारण तिथे दोन वेळचं जेवण असतं आणि शाळा असते. संध्याकाळी त्या मुलींनी मैदान आखलं. चुना नव्हता, चुलीतली राख होती. मध्यरेषा, निदानरेषा, बोनसरेषा, सगळं पावलांनी मोजून, आणि माझ्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगपेक्षा सरळ! बूट कुणाच्याच पायात नव्हते. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी चढाईला आली आणि सहा जणींच्या मधून तळहाताएवढ्या फटीतून परत गेली. मी टाळ्या वाजवायचंच विसरले.

खेळ संपल्यावर तिने माझ्या रूममेटला विचारलं, "ताई, मॅट मऊ असते का गं?"

रूममेट म्हणाली, "मऊ असते. पण पाय धरून ठेवते. आपली माती पाय सोडते, मॅट नाही सोडत. बुटांची सवय करावी लागेल."

यात सगळं आलं. आज जिल्ह्याच्या वरची कुठलीही मोठी स्पर्धा मॅटवर होते. मातीवर घसरत जाऊन घेतलेली घोट्याची पकड मॅटवर त्याच पद्धतीने बसत नाही. अनवाणी शिकलेली मुलगी पहिल्यांदा बूट घालून मॅटवर उभी राहिली की अर्धी मॅच पाय कुठे टाकायचा याचाच विचार करते. हॉकीचं काय झालं ते आठवा. १९७५ ला आपण गवतावर वर्ल्ड कप जिंकलो. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि आपण थेट सातवे! खेळाडू एका वर्षात वाईट झाले नव्हते, पायाखालची जमीन बदलली होती. ज्या देशांकडे टर्फ होतं ते पुढे गेले.

काही जण म्हणतील, मग मातीवरच खेळवा, माती हीच आपली संस्कृती वगैरे. मला ते नाटकी वाटतं. मातीचं कौतुक बहुतेक वेळा ज्यांचे गुडघे फुटत नाहीत तेच करतात. त्या मुलीला कौतुक नको आहे, मॅट हवी आहे. लडाखच्या मुलींचंच बघा. भारताचा महिला आइस हॉकी संघ २०१६ ला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि सगळ्या मॅच हरला. २०१७ ला फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय, आणि २०२५ ला आशिया कपमध्ये ब्राँझ. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर सराव करून त्या इथवर पोचल्या. पण म्हणून त्यांना कुणी रिंक देऊ नये, असं म्हणता येईल का?

आता मुद्द्याचं, आणि थोडं अडचणीचं. दुसऱ्यांना नावं ठेवून झाली, आता आपल्या घराकडे वळते.

आपल्या जिमखान्याच्या स्टोअरमध्ये कबड्डीची मॅट आहे. गुंडाळलेली. झोनलच्या आधी चार दिवस मुलांसाठी ती उघडते, मग पुन्हा वर्षभर झोपते. संध्याकाळी ६ ते ८ मैदान मुलांचं, आणि साडेसातला आम्ही होस्टेलमध्ये हजर पाहिजे. मुलींचा कबड्डी संघ का नाही, असं विचारलं की उत्तर मिळतं, "मुलीच येत नाहीत." हे उत्तर पूर्ण खोटं नाही, आणि इथेच माझी चूक आहे.

गेल्या सप्टेंबरात रूममेटने झोनलसाठी संघ बांधायचं ठरवलं होतं. सगळ्या मजल्यांवर फिरली. पाच जणी झाल्या. सात लागतात. तिने मला विचारलं. मी म्हणाले, "सबमिशन आहे गं," आणि वर हसून म्हणाले, "मी आणि कबड्डी?" संघ गेलाच नाही. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळलेली मुलगी त्या दिवशी रूमवर बसून माझ्या शीट्सना बॉर्डर मारून देत होती. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून जिमखाना विभागाच्या सरांना नम्र विनंती आहे. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी ५ ते ७, ती मॅट मुलींसाठी उघडावी. खर्च शून्य. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मॅट नाहीतरी पडूनच असते, तेव्हा पंधरा दिवस ती जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या आश्रमशाळेला वापरायला देता येईल का, याचा विचार व्हावा. नेण्या-आणण्याचं काम आम्ही करू. एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये आपण दरवर्षी झाडं लावतोच, एखाद्या वर्षी मॅट अंथरू.

आणि मैत्रिणींनो, तुम्हाला विनंती नाही, सरळ आमंत्रण आहे. जानेवारीपासून मीही रोज सकाळी सहाला मैदानावर जाते. माझी चढाई म्हणजे पाहुणी येऊन दारातूनच परत गेल्यासारखी असते. दोन्ही गुडघे फुटलेत, श्वास पुरत नाही आणि संघातली सगळ्यात वाईट खेळाडू मीच आहे, त्यामुळे ती जागा भरलेली आहे, तुम्ही घाबरू नका.

आता आम्ही सहा झालो आहोत. पुढच्या झोनलला बहुतेक पहिल्याच मॅचमध्ये हरू. हरकत नाही, निदान हरायला तरी जाऊ.

सातवी कोण?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)