मालकी आणि वहिवाट

आत्मसंयम म्हणजे स्वतःवरची मालकी, आणि या सिद्धान्ताला खुद्द ग्रीक भाषेचीच साक्ष आहे, असे आमच्याकडील काही पंडित मोठ्या थाटाने सांगत असतात. संयमवाचक ‘एन्क्रातेइया’ या शब्दाच्या पोटात सत्तावाचक ‘क्रातोस’ बसलेला आहे आणि झेनोफनचा सॉक्रेटीस याच गुणाला सद्गुणांचा पाया म्हणतो, हे दोन्ही दाखले अस्सल आहेत. खोटा आहे तो त्यांवरून दिलेला निवाडा. कारण उसळती वासना आवरून धरणारा ‘एन्क्रातेस’ आणि ज्याच्या मनात आवरण्याजोगी दुर्वासनाच उरली नाही असा ‘सोफ्रोन’ हे दोघे भिन्न, असे ॲरिस्टॉटलने स्पष्ट म्हटले आहे. सत्ता गाजविणे हीच संयमाची पराकाष्ठा असती, तर जिथे गाजवायला काही शिल्लकच नाही त्या सोफ्रोनला संयमी म्हणताच आले नसते.

शिवाय मालकी म्हणजे तरी काय? विकत घेतलेला पण अंगात न घातलेला झगा आपल्या स्वामित्वाचा खरा, तो ‘आपल्यापाशी आहे’ असे मात्र नव्हे, हा भेद प्लेटोने ‘थीएटेटस’ संवादात केला. आणि तसाच भेद ॲरिस्टॉटलने असंयमी माणसाला लावून दाखविला, की त्याचे ज्ञान झोपलेल्याच्या किंवा एम्पेडोक्लीजची कवने बरळणाऱ्या मद्यप्याच्या ज्ञानासारखे असते: आहे, पण वापरात नाही.

दापोलीकरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. 1949 च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत दफ्तरी खोताचे नाव आणि शेतात कुळाचा नांगर, या तंट्यांत या तालुक्याच्या पिढ्या खपल्या. आमचे धर्मशास्त्रही येथे मुग्ध नाही. ज्यांचे वडील दापोलीस वकिली करीत आणि जे स्वतः येथील मिशन हायस्कुलात शिकले, त्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (1946) आगम (मालकीचा हक्क) आणि भुक्ती (वहिवाट) यांचा सविस्तर खल केला आहे. जिथे लेशमात्र भुक्ती नाही तिथे आगमालाही बळ नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. आणि दुसरा जमीन भोगीत असता डोळ्यांदेखत वीस वर्षे गप्प बसणाऱ्या धन्याची हानी होते, असेही सांगतो. त्याचा टीकाकार विज्ञानेश्वर मात्र (वकिली बुद्धी ती हीच!) ही हानी उत्पन्नाची मानतो, स्वामित्वाची नव्हे.

आमच्या पंडितांनी या टीकेशेजारी ॲरिस्टॉटल ठेवून पाहावा. असंयमी मनुष्य स्वैराचाऱ्याहून बरा, कारण त्याच्या ठिकाणी मूळ तत्त्व शाबूत असते, असे तो म्हणतो. म्हणजे मालकी असंयमी माणसाचीही अबाधित राहते; पीक तेवढे वासना नेते.