मधुमेही डोळ्यांची बाजारपेठ आणि आपला कारागीर

कारागिराचे भांडवल बँकेत थोडे, दुकानात थोडे आणि बाकी सगळे हातात व डोळ्यांत असते. हुपरीत पैंजणाला घुंगरू जोडणारा, उद्यमनगरात लेथवर सुताचाही फरक पडू न देणारा, इचलकरंजीत मागावरचा तुटलेला धागा धरणारा, मिरजेत सतारीची जवारी काढणारा, शिवणयंत्रावर बसलेला शिंपी, या सर्वांची रोजी नजरेवर चालते. दुकानाला आग लागली तर विमा आहे. नजर गेली तर काय आहे, याचा विचार आपण करीत नाही. म्हणूनच हा विषय आम्ही आरोग्याच्या सदरात न घेता व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात ५८ कोटी ९० लाख प्रौढांना मधुमेह आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आपल्या देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख निघाली. शिवाय १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तातील वाढलेली साखर डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या पोखरते. त्या पाझरू लागतात, पडद्याला सूज येते, पुढे नव्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. भारतात चाळिशीपुढील मधुमेहींच्या एका मोठ्या पाहणीत (२०२२) साडेबारा टक्के लोकांच्या पडद्यावर हा विकार आढळला आणि चार टक्क्यांची दृष्टीच धोक्यात होती. यातली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे सुरुवातीला काहीच कळत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून माणूस दुकानात जातो, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

बाजार कशाचा चालतो?

जिथे एवढे रुग्ण, तिथे बाजार उभा राहणारच. आज या बाजाराचा मोठा भाग डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांचा आहे. आयलिया या एकाच औषधाची २०२२ सालची विक्री एकट्या अमेरिकेत सहा अब्ज डॉलरच्या वर होती. (यात म्हातारपणातील पडद्याच्या विकाराचे रुग्णही आले.) दुसरे औषध ल्युसेंटिस. तिसरे अव्हास्टिन. हे मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये मंजूर झाले, पण नेत्रतज्ज्ञांना ते डोळ्यातही उपयोगी असल्याचे आढळले.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब पाहा. अव्हास्टिनची बाटली ४ मिलिलिटरची, आणि डोळ्याला लागते ०.०५ मिलिलिटर. म्हणजे एका बाटलीतून अनेक रुग्णांचे डोस निघतात. अमेरिकेत ल्युसेंटिसचा डोस दोन हजार डॉलरच्या आसपास होता, तेव्हा अव्हास्टिनचा डोस पन्नास डॉलरच्या घरात पडत असे. २०१५ मध्ये अमेरिकेत तिन्ही औषधांची तुलना झाली. नजर थोडीच कमी झाली असेल तर तिघांचा गुण सारखा, आणि नजर जास्त बिघडली असेल तर आयलिया सरस, असा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ सरळ आहे. लवकर आलेल्या रुग्णाला स्वस्त औषधही पुरते, उशीर करणाऱ्याला महागाची वाट धरावी लागते.

स्वस्त माल बाजारात टिकणे किती कठीण, हेही या धंद्यात दिसले. स्वस्त औषधाविषयी भीती पसरवून महागड्याचा खप वाढविल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१४ मध्ये रोश आणि नोव्हार्टिस या कंपन्यांना मिळून सुमारे १८ कोटी युरोंचा दंड केला. कंपन्यांनी आरोप नाकारले, पण २०१९ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. आपल्या देशात २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅझुमॅब या नावाने ल्युसेंटिसला देशी पर्याय आणला. मात्र स्वस्ताच्या नावाखाली सावधगिरी सोडून चालत नाही. जानेवारी २०१६ मध्ये अहमदाबादेत अव्हास्टिनच्या नावाखाली दिलेल्या इंजेक्शनानंतर पंधरा रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाली. औषध नियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा दिला आणि पुढे तो मागे घेतला. म्हणून औषध कोणते, बाटली कोठून आली, डोस निर्जंतुक जागी काढला का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक गोष्ट कारागिराने डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला दरमहा जावे लागते. विकार पुढच्या टप्प्यात गेला असताना इंजेक्शने मध्येच सोडणाऱ्यांची नजर, लेसर करून पुढे न फिरकलेल्यांपेक्षा जास्त बिघडल्याचे आढळले आहे. वारंवार येणे जमणार नसेल तर आधीच सांगावे. लेसरचा जुना उपचार आजही उपयोगी आहे.

स्वस्त माल कोणी विकत नाही

या बाजारात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी माल म्हणजे वेळेवरची तपासणी. पण तिच्यात नफा थोडा, म्हणून तिची जाहिरात कोणी करीत नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून सरकारने मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढण्याची योजना सुरू केली. २००९-१० च्या नोंदी तपासल्या तेव्हा कामकरी वयातील अंधत्वाच्या कारणांत हा विकार पन्नास वर्षांत प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली आलेला दिसला. औषधे आणि साखरेवरचे नियंत्रण यांचाही त्यात वाटा असेल, पण रुग्ण वेळेवर सापडले ही मोठी गोष्ट.

आपल्याकडे हे अशक्य नाही. मुंबईत आदित्य ज्योत फाउंडेशनने धारावीच्या वस्तीत घरोघर जाऊन तपासणी केली, तेव्हा मधुमेहींपैकी सुमारे १५ टक्क्यांत हा विकार निघाला. धारावी म्हणजे चामड्याचे, शिवणकामाचे, कुंभारकामाचे गाव. तिथले दुखणे आपल्या कारागिराचेच आहे. बंगळूरच्या कंपन्यांनी हातात धरता येणारे पडद्याचे कॅमेरे बनविले आहेत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह गुगलने फोटो वाचणारी संगणक प्रणाली तयार केली, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला.

कोल्हापुरात काय करता येईल?

आमच्या पाहण्यातली बहुतेक नेत्रशिबिरे मोतीबिंदू आणि चष्मा यांवर संपतात. आयोजकांनी यापुढे एक अट घालावी: मधुमेही माणसाचा पडदा पाहिल्याशिवाय शिबिर पूर्ण झाले असे मानू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये या शहरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, ते शिक्षणाची गरज ओळखून. आजची गरज ओळखून जमाती, व्यापारी संघटना आणि कारागिरांची मंडळे यांनी वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा. रमजानपूर्वी अनेक मधुमेही रोज्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतात. त्याच सुमारास डोळ्याची तपासणी ठेवली तर वेगळी आठवण करून द्यावी लागणार नाही.

चष्म्याचा व्यवसाय करणाऱ्या बांधवांनीही विचार करावा. चार-पाच दुकानदारांनी मिळून एक कॅमेरा घेतला, नेत्रतज्ज्ञांशी करार केला आणि प्रशिक्षित माणूस ठेवला, तर सेवाही होईल आणि धंदाही. आपल्या मुला-मुलींसाठी ऑप्टोमेट्रीचे शिक्षण हा रोजगाराचा चांगला मार्ग आहे.

‘दुकान बंद ठेवून कोण जाणार?’ असे अनेकजण म्हणतात. तपासणीसाठी डोळ्यात थेंब टाकले की काही तास बारीक काम जमत नाही, हे खरे. पण बाजाराच्या सुट्टीचा अर्धा दिवस वर्षातून एकदा देणे जड नाही. मधुमेह निघाला त्याच वर्षी पहिली तपासणी, मग दरवर्षी, आणि त्याबरोबर साखर, रक्तदाब व तंबाखू यांवर ताबा. पैशाची अडचण असेल तर सीपीआर रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात का, हे आरोग्यमित्राला विचारावे.

जगाचा बाजार आपल्या अंधत्वाची किंमत डॉलरमध्ये लावून बसला आहे. त्याचे महागडे गिऱ्हाईक व्हायचे की वेळेवर जागे होऊन थोडक्यात सुटायचे, हा सौदा आपल्या हातात आहे. माल घेताना आपण चांदीचा कस पाहतो, कापडाचे सूत पाहतो. ते पाहणारा डोळाही वर्षातून एकदा कोणाकडून तरी पाहून घ्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.