डाव्या कडेचा हक्क : दिल्लीच्या रस्त्यांवरील सायकल आणि मोटार

दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद या शहरांच्या रस्त्यांवर सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात रोज जे खटके उडतात, त्यांचे निदान बहुधा एकाच पद्धतीने केले जाते : दोघेही बेशिस्त आहेत, दोघांनाही वळण लागायला हवे, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले की प्रश्न मिटेल. हे निदान समतोल वाटते, आणि त्या समतोलामुळेच ते दिशाभूल करते. शिष्टाचार कमी पडतो म्हणून हे खटके उडत नाहीत. सार्वजनिक जागेचे वाटप मुळातच एकतर्फी झाल्यामुळे ते उडतात, आणि ते वाटप बदलल्याखेरीज रस्ता सुरक्षेचे कितीही सप्ताह पाळले आणि फलक लावले तरी ते थांबणार नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम ‘दोघेही सारखेच’ या गृहीतकाचा विचार करावा लागतो. स्वारासह सायकलीचे वजन सुमारे ८५ किलो आणि वेग ताशी १५ किलोमीटर धरला, आणि १२०० किलोची मोटार ताशी ५० किलोमीटरने जाते असे मानले, तर मोटारीची गतिज ऊर्जा, म्हणजे वजन आणि वेग यांमुळे चालत्या वस्तूत असणारी व धडकेच्या क्षणी बाहेर पडणारी ऊर्जा, सायकलीच्या दीडशे पटींहून अधिक भरते. चूक कोणाचीही असो, हाडे एकाचीच मोडतात. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या महासंचालक सुनीता नारायण यांना २० ऑक्टोबर २०१३ रोजी सकाळी, त्या सायकलवरून लोधी उद्यानाकडे जात असताना, एम्सजवळ एका मोटारीने धडक दिली आणि चालक न थांबता निघून गेला. त्यांचे दोन्ही हात जायबंदी झाले, पण वाटेने जाणाऱ्यांनी त्यांना वेळीच रुग्णालयात पोहोचवले. त्या नामांकित होत्या म्हणून देशाला ही घटना कळली. ओखल्याच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कामगाराला असेच कोणी उडवून गेले, तर वाहनाचा पत्ताच न लागलेल्या अपघातातील मृत्यूसाठी कायद्याने ठरवलेली दोन लाख रुपयांची भरपाई, तीही एप्रिल २०२२ पासून वाढवलेली, एवढाच त्याच्या घरच्यांचा आधार उरतो. देशात दर वर्षी साडेचार हजारांच्या आसपास सायकलस्वार रस्त्यांवर मरतात; सायकलच्या धडकेने मोटारीतला माणूस दगावल्याचे कोणी ऐकलेले नाही.

हा सायकलस्वार कोण, हेही नीट पाहिले पाहिजे, कारण वादाचे बरेचसे धुके येथेच दाटते. भल्या पहाटे इंडिया गेटभोवती किंवा गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर शिरस्त्राण घालून, हलक्या आणि महागड्या सायकलींवर फेरी मारणारे हौशी स्वार छायाचित्रांत दिसतात आणि सभांत बोलतात. त्यांच्या जिवाचे मोल कमी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये महिपालपूरजवळ असाच एक स्वार एका भारी मोटारीच्या धडकेने प्राणास मुकला. परंतु संख्येने कितीतरी मोठा वर्ग आहे तो काळ्या, जडशीळ सायकलवरून, मागच्या कॅरिअरला डबा आणि हत्यारांची पिशवी रबरी पट्ट्याने आवळून कामावर जाणाऱ्यांचा : सुरक्षारक्षक, रंगारी, सुतार, कारखान्यातील मदतनीस, घरोघर दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचवणारे. २०११ च्या जनगणनेत दिल्लीतील ३०.६ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि २०.७ टक्के कुटुंबांकडे मोटार. म्हणजे ज्या शहराचे रस्ते मोटारीच्या मापाने आखले गेले, त्या शहरातील पाचांपैकी सुमारे चार कुटुंबांकडे मोटार नव्हतीच.

या वर्गाचा प्रवास लांबला, तोही त्याच्या मर्जीने लांबलेला नाही. २००४ च्या सुमारास यमुना पुश्त्यावरील, म्हणजे नदीच्या बांधालगतच्या, झोपड्या हटवल्या गेल्या आणि अनेक कुटुंबे बवाना, होलंबी कलान अशा शहराच्या टोकाच्या पुनर्वसन वसाहतींत गेली. तेथे मिळालेले भूखंड १८ किंवा साडेबारा चौरस मीटरचे होते. दिल्लीच्या बृहत् आराखड्यात मोकळ्या जागेवर एक मोटार उभी करण्यासाठी २३ चौरस मीटर जागा धरलेली आहे. एका उभ्या मोटारीला जेवढी जागा, तेवढीही या कुटुंबांना मिळाली नाही, आणि पूर्वी कामाची जागा चालत गाठणाऱ्या माणसाला वीस-तीस किलोमीटर दूर नेऊन टाकल्यावर तो सायकलवरून वेगवान रस्त्यावर आला, तर त्याला अडथळा ठरवण्यात आले.

येथे पूर्वपक्ष असा मांडला जातो की, रस्ते वेगाने जाण्यासाठी असतात, संथ वाहने त्या वेगाला खीळ घालतात, आणि त्यामुळे होणारी कोंडी साऱ्या शहराला भोवते. या युक्तिवादाच्या मुळाशी वाहतूक अभियंत्यांचे एक माप आहे. निरनिराळ्या वाहनांची गणना एकाच परिमाणात करता यावी म्हणून मोटारीला १ धरून इतर वाहनांचे भार ठरवले जातात, आणि त्याला मोटार-तुल्य एकक म्हणतात. भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था आहे, आणि तिच्या १९९० च्या शहरी रस्त्यांसंबंधीच्या मानकात सायकलचा भार ०.४ ते ०.५ आणि बसचा २.२ ते ३.७ दिलेला आहे. या मापात वाहने मोजली जातात, माणसे नव्हेत. पन्नास प्रवाशांची बस चार मोटारींपेक्षा कमी जागा घेते, आणि एकट्या माणसाच्या मोटारीपेक्षा दोन सायकलस्वार जास्त जागा घेत नाहीत, हे याच कोष्टकातून निघते. पण कोंडीचा दोष देताना ते कोष्टक कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, तर माणसांना डोळ्यांपुढे ठेवून वाटावी असे तत्त्व स्वीकारले होते. ते तत्त्व दिल्लीत एकदाच प्रामाणिकपणे जमिनीवर उतरवले गेले, आणि त्याचे पुढे जे झाले ते या वादातील सर्वांत बोलके प्रकरण आहे.

एप्रिल २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्यावर बी.आर.टी., म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांची जलद व्यवस्था, सुरू झाली. दिल्लीच्या आय.आय.टी.तील दिनेश मोहन आणि गीतम तिवारी या अभ्यासकांचा तिच्या संकल्पनेत मोठा वाटा होता. मधोमध बस, तिच्या दोन्ही बाजूंस मोटारी आणि कडेला सायकल व पादचारी यांच्यासाठी अखंड, स्वतंत्र वाट, अशी रस्त्याची विभागणी होती. कडेच्या सायकलस्वाराला बसथांब्यापाशी बसच्या चाकांना चुकवत पुढे सरकावे लागत नव्हते, कारण थांबे रस्त्याच्या मध्यात होते. या व्यवस्थेत दोष होते. सिग्नलचे चक्र फार लांब होते, बस बंद पडली की मार्गिका तुंबे, दुचाकीस्वार सायकलच्या वाटेत घुसत, आणि एवढ्याशा तुकड्यावरून साऱ्या शहरासाठीचा निष्कर्ष काढणे दोन्ही पक्षांना कठीण होते. परंतु विरोधाचा सूर दोष दुरुस्त करण्याचा नव्हता. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या याचिकेत, मोटारीतून जाणारे लोक संपत्ती निर्माण करणारे आहेत, त्यांचा वेळ कोंडीत वाया जातो, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ती याचिका फेटाळली. तरीही दिल्ली सरकारने २०१५ मध्ये ही मार्गिका मोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये ती उखडली गेली. राखीव मार्गिकेबरोबर सायकलच्या वाटेचाही आधार गेला, आणि न्यायालयात टिकलेली गोष्ट रस्त्यावर टिकली नाही.

न्यायालयाने असे उत्तर देण्याची ही पहिली वेळ नव्हती. सायकल-रिक्षांच्या परवान्यांवर दिल्ली महापालिकेने ९९ हजारांची मर्यादा घातली होती, आणि ‘मानुषी’ संघटनेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये ती रद्द ठरवली. मोटारींच्या संख्येवर कोणतीही मर्यादा नसताना कोंडीचे खापर केवळ रिक्षांवर फोडणे हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

दुसरा पूर्वपक्ष अधिक चतुर आहे : स्वतंत्र मार्ग बांधले तरी सायकलवाले ते वापरत नाहीत, मग पैसा कशाला घालवावा? मार्ग रिकामे असतात हे खरे आहे. पण टीकाकाराने एकदा त्या मार्गावरून सायकल चालवून पाहावी. सुरुवातीलाच वीतभर उंचीचा कठडा असतो, त्यामुळे भरलेली सायकल उचलूनच वर घ्यावी लागते, पुढे मार्गाच्या मधोमध झाड, मग रोहित्राची पेटी, मग चहाची टपरी आणि तिच्यापुढे आडव्या लावलेल्या मोटारी, फरश्या उखडलेल्या, आणि जेथे आधाराची सर्वाधिक गरज, त्या चौकाच्या अलीकडेच मार्ग संपतो. दिल्लीच्या मोठ्या चौकांत डावीकडे वळणाऱ्या वाहनांसाठी न थांबता जाण्याची मोकळी वाट ठेवलेली असते; सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला ती वाट आडवी छेदावी लागते आणि नेमक्या तेथेच मोटारी वेग वाढवतात. वीस-वीस मीटरवर तुटणारा रूळमार्ग घालून नंतर गाडी का धावत नाही, असे विचारणारा अभियंता कोणाला चालेल? रस्ते काँग्रेसने १९६२ सालीच सायकल-मार्गांचे मानक ठरवताना सांगितले होते की, ज्या रस्त्यावर तासाला दोनशेहून अधिक मोटार वाहने जातात, तेथे गर्दीच्या तासाला केवळ शंभर सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. आज रिंग रोडवर दोनशे वाहने किती वेळात जातात, हे सांगण्याची गरज नाही. साठ वर्षांपूर्वीचे आपलेच मानक पाळले असते, तरी आजचा निम्मा वाद उद्भवला नसता.

तिसरा आक्षेप नियमभंगाचा. सायकलस्वार उलट दिशेने येतात, सिग्नल जुमानत नाहीत, रात्री दिवा लावत नाहीत. हे घडते, आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. मात्र उलट दिशेने येण्यामागचे कारण रस्त्याच्या रचनेत आहे. मोटारींचा प्रवाह अखंड राहावा म्हणून दुभाजकांतील कट, म्हणजे रस्ता ओलांडायच्या फटी, एकामागून एक बंद केले गेले, चौकांवर उड्डाणपूल आले, आणि समोर दिसणाऱ्या कारखान्याच्या दारापर्यंत जायला किलोमीटर-दोन किलोमीटरचा वळसा पडू लागला. मोटारीला हा वळसा पायाच्या एका दाबाचा. दहा तास उभ्याने काम केलेल्या माणसाला तो मे महिन्याच्या उन्हात पायांनीच ओढावा लागतो. याउलट सायकल-मार्गावर मोटार नेऊ नये हा नियम १९८९ पासून लिहिलेला असूनही तो मोडणाऱ्याला कोणी बेशिस्तीचे उदाहरण म्हणून दाखवत नाही, इतका तो भंग अंगवळणी पडलेला आहे.

सायकलवाले कर भरत नाहीत म्हणून त्यांचा रस्त्यावर हक्क नाही, हा चौथा आक्षेप फार काळ उभा राहू शकत नाही. शहरातील रस्ते सर्वसाधारण महसुलातून बांधले जातात, आणि साबणासारख्या रोजच्या वस्तूंच्या खरेदीतून कामगारही त्यात भर घालतो. महाराष्ट्रातील नगरपालिका तर एके काळी सायकलवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत असत. त्या कराने पुण्यासारख्या सायकलींच्या शहरातही सायकलचे स्थान राखले नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

खंडन येथवर. मंडनाची बाजू मांडताना कोणत्याही काल्पनिक नगराची गरज नाही. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी रस्त्यांवर मरणाऱ्या मुलांची संख्या पाहून पालक रस्त्यावर उतरले आणि पुढील काही दशकांत तेथील रस्ते नव्याने आखले गेले. तेथील कायद्यात मोटारीने सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला इजा केली, तर भरपाईचे दायित्व प्रथमदर्शनी मोटारीच्या बाजूचे मानले जाते. अधिक धोका घेऊन रस्त्यावर येणाऱ्यावर अधिक जबाबदारी, हे त्यामागचे सूत्र आहे. दिल्लीतही चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या पट्ट्यात सप्टेंबर २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंदी घालता आली. तिचे पालन पुरते होत नाही, पण व्यापार बुडाला नाही, आणि मोटारीविना रस्ता चालतो हे देशातील सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एकीत दिसून आले. वस्त्यांतील आतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आणि ती पाळायला लावणारी रचना, आणि ज्या रस्त्यांवर मोटारी पन्नास किंवा अधिक वेगाने जातात तेथे चौकातूनही अखंड जाणारा, उंचवट्याने वेगळा केलेला मार्ग, एवढ्या दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात. त्यांचा आरंभ सहलीच्या उद्यानांपासून नव्हे, तर ओखला, बवाना, साहिबाबाद येथील कारखान्यांच्या दारांपासून व्हावा. याच साहिबाबादमधला अ‍ॅटलस सायकलींचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. त्याच्या आदल्या महिन्यात करोनाकाळातील टाळेबंदीमुळे बस आणि रेल्वे बंद असताना एक पंधरा वर्षांची मुलगी जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालवत गेली होती. सरकारांनी तिचे कौतुक केले. तिच्यासारख्यांना रोज ज्या रस्त्यावर सायकल चालवावी लागते तो मात्र तसाच राहिला.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१क) आले आणि बिगर-यांत्रिक वाहने व पादचारी यांच्या रस्त्यावरील वावराचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ते सहा महिन्यांत करावेत असा आदेशही दिला. या नियमांत एक धोका आहे. त्यांचा मसुदा करणाऱ्यांनी सायकलस्वाराला कोठे जाता येणार नाही याची यादी आधी केली, तर बंदी हाच नियम होईल आणि ज्याला दुसरे साधन नाही त्याच्या पोटावर पाय येईल. त्याच दुरुस्तीने आलेले कलम १९८क रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल कंत्राटदार आणि संबंधित प्राधिकरण यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरवते. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या तिन्ही सरकारांनी तुटक सायकल-मार्ग, मार्गात उभी केलेली रोहित्रे आणि चौकातील आडव्या वाटा यांची गणना याच कलमाखाली सदोष रचना म्हणून करावी, आणि सायकलस्वाराला एखाद्या रस्त्यावर मज्जाव करण्याआधी त्याच रस्त्याला समांतर, अखंड वाट तयार असल्याची अट नियमांत घालावी.