शांतता कुणाच्या खर्चाने?

देश खुला झाला, अजून होणार म्हणतात. हे पुढचे बदल शांततेने होतील का, असे आपल्या वस्तीतली शिकलेली पोरे विचारतात. मी कारकून माणूस. मला जमाखर्च कळतो, म्हणून मी आधी पाहतो की खर्च कुणाच्या नावे पडला.

२४ जुलै १९९१ रोजी मनमोहनसिंगांनी अर्थसंकल्प मांडला. परवाने गेले, परदेशी भांडवलाला दारे उघडली. पुढे बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ आली, इंदापूर तालुक्यात भिगवणला कागदाचा कारखाना आला. त्यासाठी कुणाचे घर जळाले नाही. सगळे म्हणाले, बघा, किती शांततेत झाले!

आता दुसरी तारीख घ्या. २७ जुलै १९७८. बारामतीचे शरद पवार मुख्यमंत्री होऊन नऊ दिवस झाले होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यात कुणाची गुंठाभर जमीन जात नव्हती, कुणाचा पगार कापला जात नव्हता. तरी मराठवाड्यात आपल्या माणसांची घरे पेटवली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारले. पुढे १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेव्हाही मुख्यमंत्री पवारच. सोळा वर्षे! आणि मिळाला तो नामविस्तार.

मग १९९१ शांत का गेले? माझ्या मते, वरच्यांना त्यात काही सोडायचे नव्हते, आणि ज्यांचे जात होते त्यांना ते गेल्याचे कळलेच नाही. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांवरून समजून घ्या. राज्याचा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला. ज्या सहकारी संस्थेत सरकारचे भागभांडवल आहे, तिथल्या भरतीलाही तो लागतो. अंमल किती होतो हा वेगळा वाद, पण मागायला कागद तरी आहे. तोच कारखाना खासगी मालकाने विकत घेतला की तो कागदही जातो. मोर्चा नाही, दगड नाही, फक्त सह्या. आपला पोरगा त्याच गेटातून आत जातो, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. याला शांतता म्हणायचे?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते की, मतात समता आणि जगण्यात विषमता फार काळ ठेवली तर पिचलेली माणसे लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. त्याच भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्ग सोडायलाही सांगितले. लोक आपापल्या सोयीचे अर्धे भाषण वाचतात.

पुढे खासगी नोकरीत वाटा मागितला जाईल, राखीव जागेवरची सरपंच ताई स्वतःच्या मनाने सही करू लागेल. तेव्हा आरडाओरड होईल, आणि १९७८ सारखीच ती वरून सुरू होईल. आपण घटनेचा रस्ता सोडायचा नाही. पण गप्प बसणे हा काही घटनेचा रस्ता नव्हे.

ज्यांच्या घरात सहकारी कारखान्याचा शेअर आहे, त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत राखीव जागा किती आणि भरल्या किती, हे लेखी विचारावे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. ठेकेदाराकडे असलेल्यांनी आपला पीएफचा नंबर मागून घ्यावा.